पाळी कधी, हे आधी कळण्याचा हक्क

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकानांमधील मर्यादा ९ तासांवरून १० तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत, तसेच राजारामपुरी आणि महाद्वार रोडवरच्या दुकानांत, तासांच्या आकड्यावरच बोलणे चालू आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा राहणार का, ओव्हरटाइम खरोखर दुप्पट मिळणार का, संमती न देणाऱ्याचे काय होणार, हे प्रश्न रास्तच आहेत. पण कामाच्या वेळेला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. कामावर कधी यायचे हे कामगाराला किती दिवस आधी कळते, आणि एकदा सांगितलेली वेळ मालकाने ऐनवेळी बदलली तर त्या बदलाचा भार कोणी सोसायचा?

अमेरिकेतील काही शहरांनी आणि एका राज्याने गेल्या दहा-अकरा वर्षांत नेमक्या याच प्रश्नावर स्वतंत्र कायदे केले आहेत. तिकडे त्यांना ‘फेअर वर्कवीक’ कायदे म्हणतात. या लेखात आपण त्यांना वेळापत्रकाचे कायदे म्हणू. ते काय सांगतात, त्यांवर आक्षेप कोणते आहेत आणि आपल्या कायद्यांत त्यांच्या जवळचे काय सापडते, ते येथे क्रमाने पाहू.

तासावर मजुरी असली की काय बिघडते

आपल्याकडे दुकानातील कामगाराचा महिन्याचा पगार बहुधा ठरलेला असतो आणि खाडा झाला तर त्यातून दिवस कापला जातो. अमेरिकेत मात्र वेतनावर काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्या किंवा बर्गरच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला या आठवड्यात ३४ तास मिळाले आणि पुढच्या आठवड्यात १९, तर त्याचे उत्पन्न जवळपास निम्म्यावर येते. त्यासाठी त्याला कामावरून काढावे लागत नाही आणि नोटीसही द्यावी लागत नाही. वेळापत्रकात नाव कमी वेळा लिहिले की झाले. १९३८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्याने किमान वेतन ठरवले आणि आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट दर बंधनकारक केला. वेळापत्रक किती दिवस आधी द्यावे, याविषयी त्या कायद्यात एक अक्षरही नाही.

मोठ्या साखळी दुकानांत हे वेळापत्रक आता संगणक आखतो. गेल्या वर्षी याच आठवड्यात किती विक्री झाली होती, सण किंवा सवलतीचा सेल आहे का, हवामान कसे असेल, यावरून कोणत्या तासाला किती माणसे लागतील याचा अंदाज निघतो. दुकानाच्या व्यवस्थापकाला वरून ठरावीक मजुरीखर्च आखून दिलेला असतो. विक्री अंदाजापेक्षा कमी दिसू लागली की तो खर्च आवरण्याचा सर्वांत सोपा उपाय त्याच्या हाताशी असतो: माणसे घरी पाठवणे.

यातून काही प्रथा रूढ झाल्या. आठवड्याचे वेळापत्रक दोन-तीन दिवस आधी लावायचे आणि तेही मधेच बदलायचे. गर्दी नसेल तर आलेल्या माणसाला तासाभरात परत पाठवायचे. कामगाराला ‘ऑन-कॉल’ ठेवायचे, म्हणजे त्याने त्या दिवशी दुसरे काही ठरवायचे नाही, सकाळी फोन करून आज काम आहे का ते विचारायचे आणि नसेल तर काहीही न मिळता घरी बसायचे. याखेरीज एकाच माणसाने रात्री उशिरा दुकान बंद करून पहाटे तेच दुकान उघडायला यायचे. तिकडे या प्रकाराला ‘क्लोपनिंग’ असे नावच पडले. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने स्टारबक्समधील एका तरुण आईची अशी दिनचर्या सविस्तर छापली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कंपनीला ही पद्धत बंद करू असे जाहीर करावे लागले. एप्रिल २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी १३ मोठ्या विक्रेत्यांना पत्रे पाठवून ऑन-कॉल पद्धतीविषयी खुलासा मागितला आणि त्यानंतर काहींनी ती सोडून दिली.

पैशांच्या चढ-उताराइतकाच त्रास घराच्या व्यवस्थेला होतो. मूल कोणाजवळ ठेवायचे हे आदल्या रात्री ठरवता येत नाही; पाळणाघराला महिन्याचे पैसे द्यावे लागतात, त्या दिवशी काम मिळो अथवा न मिळो. एका ठिकाणी पुरेसे तास मिळत नाहीत म्हणून दुसरी नोकरी धरावी, तर पहिलीचीच वेळ पक्की नसते. कॉलेजचा वर्ग, दवाखान्याची वेळ, म्हाताऱ्या वडिलांचे डायलिसिस, यांतले काहीच पंधरा दिवस पुढचे ठरवता येत नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर राधानगरीकडची शेवटची एसटी गाठण्यासाठी धावणाऱ्या सेल्सगर्लला यातले बरेचसे समजावून सांगावे लागणार नाही.

कायद्यात काय असते

पहिला कायदा सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये केला आणि तो २०१५ मध्ये अमलात आला. सिॲटलचा १ जुलै २०१७ पासून आणि न्यूयॉर्क शहराचा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ओरेगन हे असा कायदा राज्यभर लागू करणारे पहिले राज्य. तेथे जुलै २०१८ पासून ७ दिवसांची आणि जुलै २०२० पासून १४ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक झाली. फिलाडेल्फिया आणि शिकागो २०२० मध्ये आले आणि लॉस एंजेलिस एप्रिल २०२३ मध्ये. तपशील शहरागणिक बदलतात, गाभा बहुतेक ठिकाणी एकसारखाच आहे.

कामावर घेतानाच मालकाने साधारण किती तास आणि कोणत्या वेळी काम मिळेल, याचा प्रामाणिक अंदाज लेखी द्यायचा. पुढे प्रत्येक वेळापत्रक बहुतेक ठिकाणी १४ दिवस आधी लावायचे. ते लावल्यावर मालकाने बदल केला तर कामगाराला मजुरीशिवाय जादा रक्कम द्यायची. तिला आपण बदल-भत्ता म्हणू. दोन पाळ्यांमध्ये ठरावीक विश्रांती द्यायची, आणि ती मोडून कामगार स्वखुशीने आला तरी त्याचे जादा पैसे मोजायचे. नवीन माणूस भरण्याआधी वाढीव तास जुन्या अर्धवेळ कामगारांना विचारायचे, ही अट अनेक ठिकाणी आहे.

यांपैकी बदल-भत्ता नीट समजून घ्यावा लागतो, कारण बाकी सारे त्याच्या आधारावर उभे आहे. लग्नासाठी आपण मंगल कार्यालय ठरवतो तेव्हा इसार देतो. तारीख बदलायला कार्यालयवाला मनाई करत नाही. पण ती जितकी उशिरा बदलाल तितका इसार अधिक बुडतो, कारण त्या दिवसासाठी त्याने दुसऱ्या पक्षाला नकार दिलेला असतो. कामगारानेही ठरलेल्या पाळीसाठी आपला दिवस असाच राखून ठेवलेला असतो. वेळापत्रकाचा कायदा मालकाला बदल करण्यास बंदी करत नाही. राखून ठेवलेल्या त्या दिवसाची किंमत मोजायला लावतो.

न्यूयॉर्क शहरातील फास्टफूड दुकानांचे दर पाहिले की ही कल्पना किती बारकाईने उतरवली आहे ते दिसते. तास वाढवले, तर किती उशिरा सांगितले त्यानुसार १० किंवा १५ डॉलर. तास कमी केले, तर ७ ते १४ दिवस आधी सांगितल्यास २० डॉलर, ७ दिवसांच्या आत सांगितल्यास ४५ आणि २४ तासांच्या आत सांगितल्यास ७५ डॉलर. काम वाढले तर निदान मजुरी तरी मिळते, कमी झाले तर हातचे जाते, म्हणून कपातीचा दर कितीतरी जास्त ठेवला आहे. रात्रीची बंद करण्याची पाळी आणि दुसऱ्या दिवशीची उघडण्याची पाळी यांत ११ तासांहून कमी अंतर असेल, तर कामगाराची लेखी संमती लागते आणि शिवाय १०० डॉलर द्यावे लागतात. ओरेगनने डॉलरचे ठरावीक आकडे न ठेवता मजुरीशी प्रमाण जोडले: वेळ बदलली किंवा वाढवली तर एका तासाची जादा मजुरी, आणि तास कापले तर न मिळालेल्या तासांची निम्मी मजुरी. मला ही दुसरी पद्धत अधिक टिकाऊ वाटते, कारण महागाई वाढली की ठरावीक आकडा आपोआप हलका होत जातो.

प्रत्येक दुकानदाराला हे लागू होते का?

नाही, आणि या कायद्यांविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज बहुधा हाच आहे. ओरेगनचा कायदा किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्य व्यवसायातील अशाच मालकांना लागू आहे, ज्यांच्याकडे जगभरात मिळून किमान ५०० कामगार आहेत. सिॲटलनेही ५०० चीच मर्यादा धरली. लॉस एंजेलिसमध्ये ती ३०० कामगारांची आहे आणि कायदा फक्त किरकोळ विक्रीपुरता आहे. फिलाडेल्फियात २५० कामगार आणि ३० शाखा अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. शिकागोचा कायदा मात्र विस्ताराने मोठा आहे. त्यात रुग्णसेवा, गोदामे, इमारतींची देखभाल आणि कारखानेही येतात. कोपऱ्यावरचे कुटुंबाने चालवलेले दुकान यांतल्या कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही. महाद्वार रोडवरचे आठ माणसांचे साडीचे दुकान उद्या सिॲटलला नेले, तरी त्याला हा कायदा शिवणार नाही.

न्यूयॉर्क शहराने किरकोळ विक्रीच्या दुकानांसाठी मर्यादा २० कामगारांवर आणली, पण पूर्वसूचना फक्त ७२ तासांची ठेवली. ऑन-कॉलला बंदी घातली हे चांगलेच झाले, तरी तीन दिवसांच्या सूचनेवर पाळणाघराचा महिना ठरत नाही. जॉर्जिया, टेनेसी, आर्कान्सा, आयोवा अशा काही राज्यांनी तर आपल्या शहरांना असे कायदे करण्यास मनाईच केली. आपल्या महापालिकेला कामगारांचे कायदे करण्याचा अधिकार नाही. तिकडे शहरांना तो असू शकतो आणि राज्य तो काढूनही घेऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे नकाशावर हे कायदे इतके विखुरलेले का दिसतात ते कळते.

“गिऱ्हाईक काही पंधरा दिवस आधी सांगून येत नाही”

हा आक्षेप कोणताही व्यापारी पहिल्यांदा घेईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पावसाने बाजार रिकामा होतो, लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि एखादा कामगार आजारी पडतोच.

कायद्यांनी यातील काही गोष्टी आधीच वगळल्या आहेत. पूर, वादळ, वीजपुरवठा बंद पडणे, अशा मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने काम थांबले तर साधारणपणे बदल-भत्ता द्यावा लागत नाही. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरातील दिवस अशा कायद्यात अपवाद ठरले असते. दोन कामगारांनी आपसांत पाळी बदलली किंवा कामगाराने स्वतःच सुट्टी मागितली, तरीही भत्ता लागू होत नाही.

उरतो तो खरा प्रश्न: रोजच्या गर्दीच्या चढ-उताराचे काय? यावर एक प्रयोग बराच उद्बोधक आहे. जोन विल्यम्स, सुसान लॅम्बर्ट आणि सरवणन केशवन या अभ्यासकांनी गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातील २८ दुकानांत वेळापत्रक स्थिर करून पाहिले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन आठवड्यांची पूर्वसूचना आणि ऑन-कॉलवर बंदी सर्वच दुकानांत होती. त्यांतील काही दुकानांत याखेरीज पाळ्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळा पक्क्या केल्या, काही अर्धवेळ कामगारांना आठवड्याला २० तासांचे आश्वासन दिले आणि आपसांत पाळी बदलण्यासाठी मोबाइल ॲप दिले. या दुकानांची विक्री इतरांच्या तुलनेत ७ टक्क्यांनी आणि कामगारांची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढली. कोणता माल कोठे आहे हे ठाऊक असलेला अनुभवी माणूस गर्दीच्या वेळी दुकानात हजर असेल तर विक्री वाढते, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष. वेळापत्रक ऐनवेळी बदलण्याची बरीच कारणे गिऱ्हाइकाशी संबंधित नव्हतीच. मुख्यालयातून माल येण्याची तारीख हुकायची, आलेला माल कळवलेल्यापेक्षा कमी-जास्त निघायचा, सेलची तारीख शेवटच्या क्षणी बदलायची, आणि त्यासाठी मांडणी बदलायला माणसे हवीत किंवा नकोत असा निरोप दुकानात पोहोचायचा. अनिश्चितता बाजारातून आली असे सगळे म्हणत होते, प्रत्यक्षात ती साहेबांच्या टेबलावरून येत होती. मुख्यालयाला ती कमी करता आली असती. पण तिची किंमत मुख्यालय मोजत नसल्यामुळे कमी करण्याचे काही कारणच उरले नव्हते.

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना ही साखळी परिचित असेल. वाहन कंपनी आपल्या सोयीने कास्टिंगचे शेड्यूल कापते किंवा पुढे ढकलते. पुरवठादार ठेकेदाराला माणसे कमी करायला सांगतो. ठेकेदार रात्री व्हॉट्सॲपवर ‘उद्या येऊ नका’ असा निरोप टाकतो आणि उद्याची हजेरी जाते. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या डोक्यावरचा धोका खालच्याच्या डोक्यावर ठेवतो आणि शेवटच्या माणसाखाली कोणी नसते. वेळापत्रकाच्या कायद्याचे सारे गणित एवढेच आहे: खाली ढकलण्याला किंमत लावली, तर ज्याच्या हातात नियोजन आहे तो नियोजन करू लागतो. लहान फाउंड्रीवाला या साखळीत मधेच अडकलेला असतो, हेही खरे. त्याच्यावरच सगळा भार टाकणारा कायदा न्याय्य ठरणार नाही. मोठ्या खरेदीदाराने शेड्यूल ऐनवेळी कापले तर त्याने पुरवठादाराला भरपाई द्यावी, अशी अट खरेदी-करारात घातल्याशिवाय हा प्रश्न अर्धाच सुटतो.

“मालक तास वाढवणेच बंद करील”

हा आक्षेप अधिक बारीक आहे आणि यात तथ्य आहे. एखादा कामगार आजारी पडला आणि दुसरा आनंदाने यायला तयार असला, तरी जादा भत्ता नको म्हणून व्यवस्थापक जागा रिकामीच ठेवतो. ज्याला तास हवे होते त्याला ते मिळत नाहीत आणि उरलेल्यांवर कामाचा ताण पडतो. काही कायद्यांनी यासाठी पळवाट नव्हे पण फट ठेवली आहे: रिकामी झालेली पाळी सगळ्यांना एकाच वेळी कळवायची, आणि जो स्वतःहून ती घेईल त्याच्यासाठी भत्ता द्यावा लागत नाही. अशी फट असली की ‘मी स्वखुशीने येत आहे’ असे लिहून घेण्याचीही सोय होते, आणि स्वखुशी किती खरी हे तपासणे कोणत्याही निरीक्षकाला जड जाते.

कामगारांना प्रत्यक्ष लाभ झाला का, यावर सिॲटलचे पुरावे चांगले आहेत. डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांच्या अभ्यासगटाने सिॲटलमधील कामगारांची तुलना इतर शहरांतील तशाच कामगारांशी केली. दोन आठवडे आधी वेळापत्रक मिळणाऱ्यांचे प्रमाण सिॲटलमध्ये वाढले, झोप सुधारली आणि पैशांची ओढाताण कमी झाली. कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल या छोट्या शहरात लहान मुले असलेल्या कामगारांचा अभ्यास झाला, त्यातही अनिश्चितता कमी झाली, झोप सुधारली आणि एकूण तास मात्र घटले नाहीत. या अभ्यासांवरून सगळीकडे असेच होईल असे म्हणता येत नाही. निदान ‘कायदा आला आणि रोजगार बुडाला’ हे भाकीत तेथे खरे ठरले नाही.

अंमलबजावणी हा वेगळाच विषय. न्यूयॉर्क शहराने चिपोटले या खाद्यसाखळीविरुद्ध कारवाई केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने सुमारे १३,००० कामगारांसाठी २ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. शहराचे स्वतंत्र कामगार खाते, वेळापत्रकाच्या जुन्या प्रती जपून ठेवण्याची मालकावरची सक्ती आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवण्यास बंदी, या तिन्ही गोष्टी असल्यामुळेच हे शक्य झाले.

आपल्या कायद्यात असे काही आहे का?

पुष्कळ आहे, आणि ते अमेरिकेपेक्षा कितीतरी जुने आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६१ नुसार कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावावीच लागत असे आणि कलम ६३ नुसार त्या सूचनेबाहेर कोणाकडून काम करून घेता येत नसे. पाळ्यांची पद्धत बदलायची तर आधी निरीक्षकाला कळवायचे आणि एका बदलानंतर आठवडा उलटल्याशिवाय, निरीक्षकाच्या परवानगीवाचून, दुसरा बदल करायचा नाही, अशीही तरतूद होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ नुसार कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा किंवा पाळ्यांची पद्धत बदलण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. नव्या संहितांनी हे दोन्ही धागे पुढे चालू ठेवले आहेत: २१ दिवसांची नोटीस औद्योगिक संबंध संहितेत आहे, आणि कामाच्या वेळा दर्शनी भागी लावण्याची अट व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे.

औद्योगिक विवाद कायद्यातील आणखी एक तरतूद आज फारच थोड्यांना ठाऊक असते. कामगार पाळीच्या वेळी हजर झाला, हजेरीपटावर त्याचे नाव आहे आणि दोन तासांच्या आत त्याला काम दिले नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ‘ले-ऑफ’ दिला, म्हणजे नोकरीवरून न काढता तात्पुरते काम नाकारले, असे कायदा मानतो. आणि ले-ऑफच्या दिवसासाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. दुसऱ्या अर्ध्या पाळीला बोलावून काम दिले, तर तो अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ धरला जातो. ओरेगनने कापलेल्या तासांसाठी निम्मी मजुरी ठरवली, त्याच्या कितीतरी दशके आधी आपल्याकडे हाच विचार कायद्यात उतरला होता.

मग अडचण कोठे? हे सगळे कायदे भोंगा वाजताच फाटक उघडणारी गिरणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. शाहू मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या पिढीला ती व्यवस्था आठवत असेल. तीत पाळी साऱ्या खात्याची असे, एकेका माणसाची नव्हे. म्हणून २१ दिवसांची नोटीस पद्धत बदलायची असेल तर लागते; पद्धत तीच ठेवून एका माणसाला उद्या येऊ नको म्हणायचे असेल, तर ती उपयोगी पडत नाही. ले-ऑफची भरपाई फक्त कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती आहे, म्हणजे दुकाने आणि हॉटेले बाहेर राहतात. त्यातही किमान ५० कामगार हवेत, कामगाराची एक वर्षाची सलग सेवा हवी आणि तो बदली किंवा नैमित्तिक कामगार नको. बदली कामगार म्हणजे दुसऱ्या कोणाच्या जागी कामावर घेतलेला. त्याने वर्षाची सलग सेवा पूर्ण केली की तो या कलमांपुरता बदली राहत नाही, पण ते वर्ष भरू नये अशी काळजी घेणारेही असतात. हंगामी स्वरूपाचे उद्योग वगळलेले आहेत, ही गोष्ट साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात किरकोळ नाही.

ठेकेदाराकडील कामगार तर या सगळ्या अटींच्या फटीतून खाली पडतो. ठेकेदाराकडे ५० माणसे नाहीत, सेवा सलग असल्याचा कागद नाही, आणि हजेरी दुसऱ्याच्याच वहीत लिहिलेली. जोडीला मर्यादाही वर सरकत आहेत. कारखान्याच्या अंतर्गत सेवाशर्तींचे लेखी नियम, ज्यांना स्थायी आदेश म्हणतात आणि ज्यांत पाळ्यांच्या वेळा कशा कळवायच्या हेही यावे लागते, ते महाराष्ट्रात ५० कामगारांपासून लागू होते. नव्या संहितेत ती संख्या ३०० झाली. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा १० कामगारांपासून लागू होता; मंत्रिमंडळाच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात ती मर्यादा २० करण्यात आली.

कोल्हापुरात यातले काय बसेल?

न्यूयॉर्कची दरपत्रिका उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. आपल्या दुकानांतील दुखणे उलटे आहे: तास कमी पडत नाहीत, ते संपतच नाहीत. सकाळी दहाला शटर उघडणाऱ्याला रात्री ते ओढल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि नवरात्रात, दिवाळीत साप्ताहिक सुट्टीही गृहीत धरून रद्द केली जाते. तिथे आधी हवी आहे ती संपण्याच्या वेळेची आणि सुट्टीच्या दिवसाची लेखी हमी.

ठेकेदारी कामगारासाठी मात्र युरोपातील एक साधा नियम विचारात घेण्यासारखा आहे. जर्मनीत बोलावण्यावर काम करणाऱ्या माणसाला मालकाने किमान चार दिवस आधी सांगितले नसेल, तर यायचे बंधन नसते. आठवड्याचे तास करारात लिहिले नसतील, तर २०१९ पासून ते २० आहेत असे कायदा धरून चालतो. दिवसाचे तास ठरलेले नसतील, तर बोलावल्यावर सलग तीन तास तरी काम द्यावे लागते. आयर्लंडने मार्च २०१९ पासून, कामावर बोलावून काम न दिल्यास किमान रक्कम देणे बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यातही पाळीची वाजवी पूर्वसूचना आणि ऐनवेळी रद्द झालेल्या पाळीची भरपाई आहे.

यायला नकार देण्याचा जर्मन हक्क आपल्याकडे कागदावर दिला, तरी ठेकेदाराला नाही म्हणण्याची हिंमत कितीजणांत असेल, ही शंका योग्यच आहे. पाच जणांच्या कामाला पंधरा माणसे तयार असली की हक्क वापरणारा पुढच्या आठवड्यात यादीतून गळतो. म्हणून नकाराच्या हक्कापेक्षा पैशाचा नियम इथे अधिक चालेल असे मला वाटते, आणि त्यासाठी नवीन कल्पना आयात करण्याचीही गरज नाही. दोन तासांच्या नियमाची व्याप्ती वाढवावी: तो ठेकेदारी आणि बदली कामगारांनाही लागू करावा, त्यासाठीची ५० कामगारांची अट मूळ कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या सगळ्यांची मिळून मोजावी, आणि पाळी सुरू होण्यापूर्वी ठरावीक तासांच्या आत व्हॉट्सॲपवर रद्द केलेले काम हे फाटकावरून परत पाठवल्यासारखेच धरावे. कॅलिफोर्नियातील एका अपील न्यायालयाने २०१९ मध्ये जवळपास हेच म्हटले होते. पाळीच्या दोन तास आधी दुकानात फोन करून काम आहे का हे विचारायला लावणे, म्हणजे कामगार हजर झाल्यासारखेच आहे, आणि त्याचे पैसे द्यावे लागतील, असा तो निकाल होता.

तोपर्यंत हाती असलेली एक गोष्ट वापरता येते. नव्या संहितांनुसार कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मिळाले नसेल तर मागावे, आणि मिळाले असेल तर त्यात पाळीची वेळ, साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि मालक म्हणून नेमके कोणाचे नाव लिहिले आहे ते पाहून घ्यावे. व्हॉट्सॲपवर आलेले ‘उद्या येऊ नका’चे निरोप पुसून टाकू नयेत, कोणत्या दिवशी काम ऐनवेळी नाकारले गेले, याचा दुसरा पुरावा कामगाराजवळ सहसा नसतो.